आराखडा शेडपासून नको, वहीपासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावच्या उपसरपंच ताईंनी विचारलंय. गाव तेवीसशे वस्तीचं, काळी जमीन, रब्बीची ज्वारी आणि करडई, थोडं डाळिंब. चौदा बचत गट आहेत, तरणी पोरं निम्मी पुण्याला. एका सल्लागारानं पाच वर्षांचा 'गाव उद्योग आराखडा' करून दिला आहे: मसाला कांडप, तेलघाणा आणि शिवणकाम केंद्र, तिन्हींना एकेक शेड, एकूण खर्च बासष्ट लाख. यातलं आधी काय घ्यावं आणि पैसा कुठून आणावा?

ताई, आधी यातलं काहीच घेऊ नका. तुमचा उत्साह मोडायचा म्हणून म्हणत नाही. या सोलापूर जिल्ह्यात वीस-बावीस वर्षं हेच काम केलंय, आणि कुलूप लागलेली शेडं मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. त्यातलं एक शेड माझ्याच सल्ल्यानं उभं राहिलं, म्हणून आधी त्याचीच गोष्ट सांगतो.

गाव बार्शी तालुक्यातलं. तूर भरपूर, बायकांचा गट चांगला, वसुली चोख. मी म्हटलं, तूर कवडीमोलानं जाते आणि डाळ महाग येते, तर मधला नफा गावातच राहू दे. मिनी डाळमिल घेतली. उद्घाटनाला मंडप, नारळ, भाषणं सगळं झालं. पहिल्या हंगामात मिल जेमतेम तीन आठवडे चालली. कारण काय? तूर मिळेना! गावात तूर होती, पण ती पेरणीच्या वेळीच व्यापाऱ्याच्या नावावर चढली होती. जूनमध्ये बियाणं-खताला उचल त्यानंच दिलेली, पोरीच्या लग्नाला पैसा त्यानंच दिलेला. काढणी झाली की माल त्याच्या दारात जाणार, भाव दोनशेनं कमी असला तरी. आमच्या गटाकडे यंत्राला पैसा होता, तूर रोखीनं घ्यायला नव्हता. आणि आम्ही तर त्या व्यापाऱ्याला नफेखोर म्हणून आराखड्यातून आधीच वजा केलं होतं. तो गावाची बँकही होता, हे मला मिल बंद पडल्यावर कळलं.

तेव्हापासून मी कुठल्याही गावात यंत्राचं कोटेशन बघत नाही, आधी वही मागतो. दोनशे पानी साधी वही. तुमच्यासारख्या गावात चाळीस घरं पुरतात, पण ती निवडताना हुशारी लागते. दहा बागायतीची, दहा कोरडवाहूची, दहा बिनजमिनीची आणि दहा अशी की ज्यांच्याकडे मेंढरं, दुकान, टेम्पो, शिलाई असं काहीतरी वेगळं आहे. निव्वळ ओळखीच्या गल्लीत फिरलात तर वही खोटं बोलेल. प्रत्येक घरी तीनच गोष्टी विचारायच्या. वर्षात या घरातून काय विकलं गेलं, कुणाला, कुठल्या महिन्यात, काय भावानं? वर्षात घरात काय विकत आलं, कुठून? आणि अडचणीला पैसा कुणाकडून उचलला? तिसरा प्रश्न शेवटी, चहा झाल्यावर, आणि शक्यतो बाईनं बाईला विचारायचा. पुरुष पहिल्यांदा सांगतो ते कर्ज आणि खरं कर्ज यांत फरक असतो.

या कामाला दोन आठवडे लागतात आणि खर्च वहीचा. पण तुमच्या भागात तिच्यातून काय निघेल याचा मला थोडा अंदाज आहे.

करडईचं घ्या. दाणा मार्चमध्ये पोत्यानं बाहेर जातो आणि वर्षभर त्याच घरात पाकिटातलं रिफाइंड तेल येतं. म्हणून तुमच्या सल्लागाराचा तेलघाणा वरवर शहाणपणाचा वाटतो, आणि तिघांत तोच मला सगळ्यात कमी वाईट वाटला. पण वहीत एक रकाना वाढवा: गेल्या पाच वर्षांत करडई किती एकरावर होती? आपल्याकडे ती मागे पडत चालली आहे. काटे असल्यानं काढणीला मजूर मिळत नाहीत आणि ज्याला पाण्याची सोय झाली तो पीकच बदलतो. घाण्याला बारा महिने दाणा लागतो. गावात तो तीन महिन्यांचाच निघाला, तर बाकीचे नऊ महिने बाहेरून दाणा आणून तेल काढायचं का, हे आधीच ठरवा. किंवा मग घाणा घेऊच नका. शेजारच्या गावात कुणाचा घाणा रिकामा असेल तर दर किलोला घाणवळ देऊन पहिलं वर्ष तेल काढून आणा. दोनशे किलो तेल तरी विकून बघा. विकलं गेलं तर घाण्याचा विचार.

कडब्याचं तर कुणी लिहीतच नाही. रब्बी ज्वारीत दाण्याइतकीच कमाई कडब्याची असते, कधी कधी जास्तच. मार्चमध्ये कडबा शेकड्यानं ट्रकमध्ये चढतो आणि उन्हाळा तापला की तोच कडबा दीडपट-दुपटीनं लोक शोधत फिरतात. ज्या घरी दोन म्हशी आहेत ते घर पेंडेची पोती विकत आणतं. गावात पन्नास घरांनी कडबा मे महिन्यापर्यंत झाकून ठेवला, तर त्याला शेडही लागत नाही. ताडपत्री लागते, आणि तोवर घर चालवायला हातउसनं लागतं. ते हातउसनं देणं हे गटाचं काम. असले 'उद्योग' आराखड्यात बसत नाहीत, कारण त्यांचं उद्घाटन करता येत नाही.

आता ज्वारी. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार का म्हणतात हे मी तुम्हाला सांगायला नको. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या मुलखाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालं, सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी. पण मानांकन मिळालं म्हणजे पोत्याचा भाव आपोआप वाढला असं झालं नाही, होतही नाही. मानांकनाची नोंद एका संस्थेच्या नावावर असते. शेतकऱ्यानं किंवा गटानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली नोंदणी करून घ्यायची असते, तेव्हा ते चिन्ह पाकिटावर छापता येतं. तुमच्या गावात अशी नोंदणी किती जणांकडे आहे, हे वहीत लिहा. शून्य आलं तर पहिल्या वर्षाचं बिनखर्चिक काम तुम्हाला मिळालं.

ज्वारीचं काय विकायचं? पीठ विकायच्या भानगडीत पडू नका, निदान लांबच्या गिऱ्हाइकाला तरी नको. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि गिऱ्हाईक म्हणतं मंगळवेढ्याची ज्वारी काही खरी नाही. चाळून, खडे काढून पाच-दहा किलोच्या पिशवीत धान्यच विका, दळून तो घेईल. नाहीतर थेट कडक भाकरी विका. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही जोडी आता जिल्ह्याबाहेर लोक नावानं मागतात. पापडासारखी पातळ आणि पूर्ण वाळवलेली भाकरी कोरडी राहिली तर बरेच दिवस टिकते. तिचे वैरी दोनच, दमट हवा आणि पार्सल आपटणारा हमाल.

इथं जरा थांबून हिशोब करू, कारण गट इथेच फसतात. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. शंभर भाकरी. ज्वारी आठ किलो, चाळीसनं ३२० रुपये. दळण ४०. सरपण किंवा गॅस ८०. पाकिटं आणि लेबल ६०. पार्सल ६०. झाले ५६०. शंभरातल्या दहा मोडतात. आठ रुपयांनी विकली तर शंभराचे ८००, मोडतोड वजा ८०, म्हणजे हातात ७२०, आणि खर्च जाऊन १६० रुपये उरले. शंभर कडक भाकरी भाजायला एका बाईचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो. खुरपायला गेली तर तिला यापेक्षा जास्त मिळतात, मग ती भाकरी का थापेल? तीच भाकरी बारा रुपयांनी गेली तर मोडतोड जाऊन १,०८० हातात येतात आणि ५२० उरतात. चार रुपयांच्या फरकानं मजुरी तिप्पट होते. आणि आपले गट आठला विकतात, का? तर शेजारच्या गावचा गट आठला देतो म्हणून. बायकांचा वेळ कुणी खर्चात धरतच नाही. वहीत 'मजुरी' असा रकाना नसला की धंदा नफ्यात दिसतो आणि सहा महिन्यांत एकेक बाई 'घरचं काम निघालं' म्हणत गळत जाते.

बारा रुपये देणारं गिऱ्हाईक कुठाय? ते तुमच्याकडेच आहे. निम्मी पोरं पुण्याला गेली असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, मला ती तुमची विक्री शाखा दिसते. हडपसर, भोसरी, चाकण इथं राहणाऱ्या आपल्या पोरांची यादी करा, नाव, नंबर, सोसायटी. प्रत्येकाच्या मजल्यावर तीन घरं अशी असतात की ज्यांना गावाकडची ज्वारी हवी असते पण कुणाकडून घ्यावी कळत नाही. संक्रांतीला सगळी पोरं गावी येतात. त्या दिवशी देवळात बसवून त्यांच्याकडून आगाऊ ऑर्डरी घ्या, आगाऊ पैशासकट. महिन्याला साठ घरांची बांधील मागणी मिळाली की धंदा उभा राहिला समजा, शेड नसलं तरी.

दुसरं गिऱ्हाईक रस्त्यावर आहे. सोलापूर-सांगोला महामार्ग तुमच्या तालुक्यातून जातो. पंढरपूरच्या चार वाऱ्या, चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. जानेवारीत सोलापूरला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. गुरुवारी आणि पौर्णिमेला अक्कलकोट. हे सगळं एका कागदावर बारा महिन्यांच्या रांगेत मांडा आणि खाली तुमचा माल कधी निघतो ते लिहा. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडबा त्यानंतर. आषाढीला वारकरी लाखांनी येतो पण तो पाकीटबंद चटणी घेत नाही. तो फुटाणे, चुरमुरे, तुळशीची माळ घेतो आणि त्याचा खिसा लहान असतो. त्याच्यावर आशा ठेवून माल भरून ठेवणारे गट मी पाहिलेत. हुरड्याचा पाहुणा मात्र मोटारीनं येतो, माणशी पैसे देतो आणि जाताना ज्वारीची पिशवी, चटणी, लसणाचं तिखट असं काय काय घेऊन जातो. एका शेतावर आठ रविवार हुरडा करायला चुली, चटया, स्वच्छ संडास आणि दोन हसतमुख माणसं लागतात. संडास आधी बांधा, पाटी नंतर लावा.

मसाला कांडपाबद्दल दोन वाक्यं. कांडप म्हणजे गावातल्या गावात सेवा आहे, एप्रिल-मेचे दोन महिने मरमर चालते आणि मग उंदीर राहतात. एखाद्या बाईनं स्वतःच्या घरात, घरच्या वीजजोडणीवर घातलं तर तिचं भागतं. गटाचा उद्योग म्हणून तो नको. शिवणकामाचं थोडं वेगळं. सोलापूर शहरात गणवेशाचा धंदा चांगला मोठा आहे आणि शिलाईचं काम बाहेर दिलं जातं. पण कापड आणायचं-पोचवायचं भाडं, नगावर मिळणारा दर आणि शाळा सुरू व्हायच्या आधीची घाई, या तिन्हींचा मेळ बसतो का ते एखाद्या कारखानदाराशी बोलून, शंभर नग शिवून बघितल्याशिवाय पंधरा मशिनी घेऊ नका. गावात ज्या सहा-सात बायकांकडे आधीच मशीन आहे त्यांनाच घेऊन ही चाचणी होते.

विजेचं विसरू नका. सल्लागारानं दाखवलेली जागा गावठाणात आहे की मळ्यात? शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते, कधी कधी तर रात्रीच. रात्री दोनला बायका येऊन दळणार आहेत का?

आता पैसा. बासष्ट लाखांचा आकडा डोक्यातून काढून टाका. पहिल्या वर्षी तुम्हाला लागतील ते दोन-अडीच लाख, तेही खेळतं भांडवल म्हणून: ज्वारी काढणीला रोखीनं घ्यायला, कडबा थांबवायला, पाकिटं छापायला. चौदा गटांची बचत आणि ग्रामसंघाकडचा, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडचा, समुदाय गुंतवणूक निधी (गटांना कर्जाऊ द्यायचा पैसा) यातून हे उभं राहतं. राहिलं तर गटाचं बँक कर्ज. मोठ्या शेतकऱ्यांनी ज्वारी लगेच विकू नये म्हणून बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी पैसा मिळतो. तुमच्या बाजार समितीत ती खरोखर चालते की नुसती भिंतीवर आहे, हे जाऊन विचारा.

अनुदानाच्या योजना दुसऱ्या वर्षी, मागणी हातात आल्यावर. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण ते अनुदान तुमच्या हातात पडत नाही. बँक ते तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळतं करते. 'पस्तीस टक्के माफ' असं ऐकून उडी घेणाऱ्यांना हे तीन वर्षांचं कोडं उशिरा कळतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतही ३५ टक्के, कमाल १० लाख, शिवाय गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल, अशी रचना आहे. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे सध्याचं परिपत्रक बघा. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्याच महिन्यात करून टाका. छोट्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये फी आहे, आणि त्या नंबराशिवाय पुण्यातल्या सोसायटीत तुमचं पाकीट जात नाही.

शेतकरी उत्पादक कंपनी काढू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. कायद्यानं दहा उत्पादक पुरतात. काढू नका, अजून तरी. सनदी लेखापाल, वार्षिक सभा, विवरणपत्रं या सगळ्याचा खर्च उलाढाल नसताना अंगावर येतो. आधी दोन वर्षं ग्रामसंघाच्या नावावर व्यापार करा. वहीत वर्षाला वीस-पंचवीस लाखांची खरेदी-विक्री दिसायला लागली की कंपनी आपण मिळून काढू.

ग्रामपंचायतीनं मग करायचं काय? पंचायतीनं धंदा करू नये, धंद्याची वाट मोकळी करावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. त्या मोकळ्या पैशातून बहुतेक गावांनी पेव्हिंग ब्लॉक बसवले. तुम्ही विकास आराखड्यात खळ्यापर्यंतचा रस्ता, गावठाणातली थ्री फेज जोडणी, पडून असलेल्या जुन्या समाजमंदिराची दुरुस्ती आणि दारातलं पाणी एवढं घाला. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून दरवर्षी भिंतीवरचं घड्याळ आणि सतरंज्या येतात, एखाद्या वर्षी वजनकाटा आणि पाकीट सील करायचं यंत्र येऊ द्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ती सहीपुरती न घेता या वहीचं वाचन तिथं करा. कुठल्या घरानं काय सांगितलं हे वाचू नका, फक्त बेरजा वाचा. 'गावातून वर्षाला एवढी करडई गेली आणि एवढ्या रुपयांचं तेल आलं' हे वाक्य मोठ्यानं वाचलं की सभा कशी जागी होते ते बघाच.

एक अडचण सांगून ठेवतो, कारण ती आराखड्यात कुणी लिहिणार नाही. उजनी १९८० ला पूर्ण झालं आणि भीमाकाठच्या पंढरपूर, माढा, माळशिरसकडची गावं वीस-तीस वर्षांत उसाची होऊन गेली. तुमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं उपसा सिंचनाच्या पाण्याची वाट बघताहेत, आणि ते पाणी यावंच. पण पाणी आलं की ज्वारी हटते. तुमचा सगळा डाव ज्वारीवर असेल तर कुणाच्या शेतात ती राहणार हे आजच विचारा. माझा अनुभव असा की जिराईत शेतकऱ्याला क्विंटलमागे तीन-चारशे रुपये जास्त मिळाले तरी तो उसाकडेच बघतो, कारण उसाला कारखान्याची हमी असते, पैसा हप्त्यांनी का होईना येतो. भारी काळ्या रानातली, बिनपाण्याची ज्वारी टिकवायची असेल तर तिच्या खरेदीची हमी पेरणीआधी, सप्टेंबरात द्यावी लागेल. तोंडी नव्हे, लिहून, आणि शंभर पोत्यांचीच का होईना.

आणि व्यापाऱ्याला बोलवा. खरंच सांगतो. गावाचा माल उचलणारे दोन-तीन जण असतील, त्यांना चहाला बोलवा आणि विचारा, ज्वारीत तुम्ही काय बघून भाव ठरवता, कुठं पाठवता, किती पैसा उधारीत अडकतो. बार्शीकडच्या त्या गावात मिल बंद पडल्यावर मी पहिल्यांदा असा चहा घेतला. त्या माणसानं पाऊण तासात जे शिकवलं ते मला तीन प्रशिक्षणांत मिळालं नव्हतं. पुढं त्यानंच ती मिल भाड्यानं चालवायला घेतली, गटाला महिन्याला ठरलेलं भाडं मिळतं आणि चार बायका तिथं पगारी कामाला आहेत. आम्ही कागदावर जे लिहिलं होतं तसं काही झालं नाही, पण मिल चालते.

तेव्हा ताई, सल्लागाराचा आराखडा फाडू नका, कपाटात ठेवा. पेरणी उरकली की चाळीस घरांची यादी करा आणि कामाला दोन जणी निवडा, एक हिशोबात पक्की आणि एक गप्पांत. पहिली दहा घरं झाली की वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. उचलीचा रकाना मला आधी बघायचा आहे.